लॅपटॉप घेताना : पडदा केवढा, टिकाव किती?

वाशीच्या भाजीपाला मार्केटात माल उतरून हिशेबपट्टी हातात पडेपर्यंत चांगलेच उजाडते. गेल्या हिवाळ्यात आमच्या पनवेल तालुक्यातल्या एका महिला शेतकरी गटाची गाडी तिथे आली होती. वालाच्या शेंगा आणि वांगी. दुसऱ्या कामासाठी मीही बाजारात गेलो होतो. चहा घेता घेता गटाच्या सचिव ताई म्हणाल्या, "साहेब, आज रिकामं घरी जायचं नाही. गटाचा लॅपटॉप घ्यायचाय. तुम्ही बरोबर चला."

घाई का, तर कारण तसेच होते. गटाचा आधीचा लॅपटॉप ओट्यावरून खाली पडला आणि त्याची हार्ड डिस्क गेली. तीन वर्षांचा जमाखर्च, तेरा बायांचे हप्ते, कोणाचे किती क्विंटल गेले, सगळे त्या एकाच डिस्कवर. दुसरी प्रत कुठेच नाही. माहिती परत काढून देणाऱ्याने जवळजवळ अर्ध्या लॅपटॉपची किंमत सांगितली आणि वर "निघेलच असं नाही" असेही सांगितले. इकडे बँक कर्ज नूतनीकरणासाठी हिशेब मागत होती. शेवटी बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या अडत्याच्या पट्ट्या काढून, चार रात्री बसून, हिशेब वहीत उभा केला. ज्या पट्ट्या सापडल्या नाहीत त्यांवरून दोघींत जी बोलाचाली झाली, ती अजून पुरती मिटलेली नाही.

दुकानात गेलो. विक्रेत्याने पहिलाच लॅपटॉप काढला तो सतरा इंची, खेळ खेळणाऱ्या पोरांसाठीचा, कळफलकाखाली लाल-निळे दिवे लागणारा. ताई खूश. म्हणाल्या, "टीव्हीसारखा मोठाच घेऊ. मीटिंगला सगळ्या बायांना दिसेल." विचार चुकीचा नव्हता, पण तेरा जणींना दाखवायला सतरा इंचही पुरत नाही. ते काम टीव्हीचे. ग्रामपंचायतीच्या सभागृहात टीव्ही असतो, कोणाच्या तरी घरी असतोच. लॅपटॉपला एचडीएमआयचे भोक असले की एका वायरीने चित्र टीव्हीवर जाते. तेव्हा लॅपटॉपचा पडदा, जो समोर बसून काम करणार त्याच्यापुरता बघायचा. आता तो केवढा, ते जरा नीट मोजू.

इंच कुठून मोजतात?

शेतकरी बंधू-भगिनींनो, पडद्याचे इंच म्हणजे रुंदी नव्हे. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे ते अंतर असते. बांध जसा कर्णात मोजला तर क्षेत्र कळत नाही, तसेच इथे होते. पडदा आडवा-पसरट आहे की थोडा उंच, यावर सगळे अवलंबून. मी टेप लावून आणि हिशेब करून बघितले. नेहमीचा आडवा, म्हणजे १६ ला ९ या प्रमाणातला १५.६ इंची पडदा साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच भरतो. त्याच प्रमाणातला १४ इंची पडदा ३१ रुंद आणि १७.४ उंच. पण अलीकडे १६ ला १० या प्रमाणाचे पडदे येतात. त्यात १४ इंची पडद्याची उंची १८.८ सेंटिमीटर मिळते, म्हणजे १५.६ इंचीपेक्षा जेमतेम अर्धा सेंटिमीटर कमी. आणि याच प्रमाणातला १६ इंची घेतला तर रुंदी १५.६ इंचीएवढीच, उंची मात्र २१.५ सेंटिमीटर.

उंचीला एवढे महत्त्व का देतो? आपले सगळे काम उभ्या कागदाचे. सातबारा, आठ-अ, फेरफार, अर्ज, ठराव, सगळे ए-४ कागदावर, आणि तो कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. खऱ्या मापात उघडला तर १४ इंची आडव्या पडद्यावर निम्म्याहून थोडा जास्त उतारा दिसतो. त्यातही वरच्या-खालच्या पट्ट्या जागा खातात. मग सारखे खालीवर सरकवायचे, वरचा गट क्रमांक लक्षात ठेवायचा, खाली क्षेत्र वाचायचे. चुका इथेच होतात. म्हणून दुकानात इंच विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारावा, "प्रमाण काय? सोळा-नऊ की सोळा-दहा?" विक्रेत्याला सांगता आले नाही तर सरळ टेप लावावा. आमच्या ताईंनी पिशवीतला शिवणाचा टेप काढला तेव्हा तो पोरगा हसला, पण माप निघाले.

११.६ इंची छोटे लॅपटॉप स्वस्त मिळतात, पण त्यांची उंची १४.४ सेंटिमीटरच भरते. शाळकरी मुलाला ठीक. रोज दोन-तीन तास उतारे आणि हिशेब बघणाऱ्याने, त्यातून चाळिशीचा चष्मा लागलेल्याने, त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत.

मोठाच घ्या असेही मी म्हणत नाही. लॅपटॉप कुठे बसणार आणि कोण उचलणार, ते आधी ठरवावे. सेवा केंद्राच्या टेबलावर किंवा ग्रामपंचायतीत एकाच जागी राहणार असेल तर १५.६ किंवा १६ इंच उत्तम. बाजूला आकड्यांचा वेगळा कळफलक मिळतो, हिशेब लिहिणाऱ्याचे बोट पटापट चालते. पण मोटारसायकलवर पाठीला लावून चार गावे फिरणारे ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी भाऊसाहेब, किंवा आमच्यासारखे कृषी सहायक, यांनी १४ इंचाच्या वर जाऊ नये. १४ इंची लॅपटॉप दीड किलोच्या आसपास असतो. तो सतरा इंची दिवेवाला अडीच किलोच्या पुढे, आणि त्याचा चार्जरच विटेएवढा. टेबलावर मोठा पडदा हवा झाला तर जुना मॉनिटर स्वस्तात मिळतो, तो जोडता येतो. लहानाला मोठा करता येतो, मोठ्याला लहान करता येत नाही.

१९८१ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न नावाचा उचलून नेण्याजोगा संगणक निघाला होता. वजन ११ किलो आणि पडदा ५ इंचांचा! लोकांनी तोही घेतला. तेव्हा आपल्याला तक्रारीला फारशी जागा नाही.

उन्हात काय दिसते?

आता रायगड जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. खैरात-धनगरवाडा या छोट्या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप दिले गेले. 'एका मुलास एक लॅपटॉप' या निकोलस निग्रोपोंटे यांच्या जागतिक योजनेचा हा भारतातला प्रयोग. त्याआधी २००६ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली होती, तरी खैरातला प्रयोग झाला. ते यंत्र शंभर डॉलरला देऊ म्हणाले होते, प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या जवळ गेली. पण त्याची घडण बघण्यासारखी होती. पडदा फक्त साडेसात इंची, पण भर उन्हात मागचा दिवा बंद केला तरी काळ्या-पांढऱ्यात स्वच्छ वाचता येई. आत फिरणारी हार्ड डिस्क नाही, पंखा नाही. कळफलक रबरी, एकसंध, म्हणजे धूळ-पाणी आत जायला वाट नाही. ज्याने हे आखले त्याने वापरणारा कुठे बसणार याचा विचार केला होता.

दुकानातले आजचे लॅपटॉप असे नसतात. ते गार खोलीसाठी केलेले असतात. पडद्याचा उजेड 'निट' या मापात सांगतात. स्वस्तात २५० निट मिळतात, ३०० ते ४०० असले तर ओटीवर, पडवीत, उघड्या दारात काम निभते. भर उन्हात शेताच्या बांधावर मात्र ४०० सुद्धा कमीच पडतात, तिथे मोबाईलच बरा. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आली, ते त्या दृष्टीने बरेच झाले. दुसरे, पडदा चकचकीत नको, मंद हवा. चकचकीत पडद्यात आपलेच तोंड आणि मागची खिडकी दिसते.

पडद्यावर ठिपके किती, हेही विचारा. १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे पडदे अजून स्वस्त मालात आणि जुन्या मालात सापडतात. १९२० गुणिले १०८० मध्ये ठिपके जवळजवळ दुप्पट. इंग्रजी वाचणाऱ्याला फरक कमी जाणवेल, पण मराठीला मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार सगळे बारीक लागते. त्यात आकडे. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर १ आणि ९, ५ आणि ६ यांत गफलत होते. गट नंबर १९ चा ११ वाचला तर अनुदानाचा अर्ज कोणाच्या नावावर जाईल, हे गावातल्या माणसाला सांगायला नको.

यावर एक सोपी परीक्षा आहे. घरून निघताना आपला स्वतःचा सातबारा मोबाईलमध्ये किंवा पेन ड्राइव्हमध्ये घेऊन निघायचे. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. दुकानात तो शंभर टक्के मापात उघडायला लावायचा, लॅपटॉप दुकानाच्या दारात उजेडाला धरायचा आणि हातभर अंतरावरून वाचायचा. चष्मा असेल तर चष्मा लावून. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, मग इथे लाजायचे कशाला? ताईंनी चार लॅपटॉप असे तपासले. दोन जागीच बाद झाले, त्यात एक बऱ्यापैकी महाग होता.

टिकाव : कागदावर न लिहिलेली गोष्ट

पडदा डोळ्यांना दिसतो. टिकाव दिसत नाही, आणि माणूस फसतो तो तिथेच. मी स्वतः फसलो आहे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा होता. अर्जांची मुदत ३१ जुलै. माझ्याकडे तेव्हा स्वस्तात घेतलेला एक छोटा लॅपटॉप होता, आत साठवणीला जेमतेम ६४ जीबी, तीही मुख्य पाटीवर पक्की बसवलेली, बदलता न येणारी. विंडोजचे अपडेट येता येता जागा भरत गेली. नेमक्या शेवटच्या दोन दिवसांत त्याने 'जागा नाही' म्हणून मान टाकली. शेजारी सात भातउत्पादक कागद घेऊन बसलेले. मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून त्यांचे अर्ज गेले आणि माझी अब्रू राहिली. नसती वाढली तर त्या सात जणांना मी काय सांगितले असते?

तेव्हापासून मी पहिला प्रश्न विचारतो तो 'आत काय बदलता येते?' हा. रॅम आज किमान ८ जीबी हवी, जमल्यास १६. काही लॅपटॉपमध्ये ती पाटीवर डाक लावून पक्की केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. एक तरी मोकळा खाच असलेला लॅपटॉप घ्यावा. साठवण एसएसडी प्रकारची हवी, ५१२ जीबी, आणि वेगळी काढता येणारी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिच्यावर केसाहून बारीक अंतरावर सुई चालते. मोटारसायकलच्या खड्ड्याला किंवा ओट्यावरून पडल्यावर ती तबकडीला घासते आणि सगळे जाते. ताईंच्या गटाचे तेच झाले. एसएसडीत फिरणारे काही नाही. पण म्हणून ती अमर नाही, हिशेबाची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावीच.

रॅमच्या बाबतीत एक बातमी. २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरीचे भाव चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांना ती एवढी लागते की कारखाने तिकडे वळले. असली डेटा सेंटरे आपल्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यातही उभी आहेत. त्यांच्या भिंतीबाहेर आपला लॅपटॉप महागतो, गंमतच आहे. तेव्हा 'आत्ता ८ घेऊ, पुढे स्वस्त झाली की वाढवू' असा हिशेब करणार असाल तर दोन दुकानी भाव विचारून मगच करा.

जुना, म्हणजे कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेला लॅपटॉप घ्यावा का, असे बरेच जण विचारतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो बाजार आहे, नवी मुंबईतही दुकाने आहेत. माझे उत्तर, घ्यावा, पण पारखून. कचेरीसाठी केलेल्या लॅपटॉपची बिजागरी मजबूत असते, भाग बदलता येतात, कळफलक चांगला असतो. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचा माल त्यामुळे स्वस्तात बाजारात लोटला जातो आहे. विक्रेता 'अकरा टाकून देतो' म्हणेल. टाकता येते, पण ते नियमाबाहेरचे काम. जिथे लोकांचे आधार आणि बँकखाती हाताळायची तिथे ते नको. पिढी दहावी किंवा पुढची बघा.

बॅटरी ही कधी ना कधी जाणारच. लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की तिची ताकद उतरू लागते. टेबलावर कायम वीज जोडून वापरणाऱ्यांनी ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असते ती चालू करावी. उष्णता हा तिचा मोठा शत्रू. गोधडीवर, गादीवर ठेवून लॅपटॉप चालवला की खालच्या जाळ्या बंद होतात आणि तो आतून भाजतो. घ्यायच्या आधीच विचारा, या बॅटरीला किती पडतात आणि ती पनवेल-वाशीत मिळते का. 'मागवावी लागेल' हे उत्तर आले तर पुढचा लॅपटॉप बघा.

आपल्या कोकणपट्टीत आणखी दोन शत्रू. पावसाळ्याची दमट हवा आणि खाडीकाठची खारट हवा. उरण, उलव्याकडे पत्र्याला गंज किती लवकर चढतो ते आपण बघतो, आतल्या पाटीवरच्या बारीक जोडांचेही तेच होते. पावसाळ्यात लॅपटॉप महिनोन् महिने कपाटात बंद ठेवू नये. रोज थोडा चालवला की आतल्या उबेने ओल राहत नाही. भिजून आलात तर ओल्या पिशवीतून लगेच काढावा. गिरणीत किंवा कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा पंखा उघडून साफ करून घ्यावा, आत कोंडा आणि पापुद्रे निघतात. आणि अर्थिंग. गावाकडे निम्म्या घरांत ते नावालाच असते.

भोके मोजायलाही विसरू नये. अंगठ्याचे यंत्र, सहीचे टोकन, प्रिंटर, सगळे जुन्या रुंद यूएसबीचे. नवे पातळ लॅपटॉप दिसायला देखणे, पण असली भोके एक किंवा दोन. मग मध्ये जोड लावा, तो हलतो, आणि ऐन सहीच्या वेळी संपर्क तुटतो.

हमी एक वर्षाची असते. थोडे पैसे भरून ती तीन वर्षांची होते, ते मी भरायला सांगतो, त्यातही घरी येऊन दुरुस्ती करणारी असेल तर उत्तम. सुटे भाग, दुरुस्तीची सोय याची माहिती एका जागी मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचे पोर्टल सुरू केले आहे. घेण्याआधी तिथे कंपनीचे नाव शोधून बघायला हरकत नाही. पक्की पावती घ्यावी. 'बिलाशिवाय दोन हजार कमी' ही मेहेरबानी पुढे महागात पडते.

आता पैशांचा हिशेब. समजा ३० हजारांचा घेतला आणि तीन वर्षांत निकालात निघाला, तर वर्षाला १० हजार पडले. ४८ हजारांचा घेतला, मध्ये साडेचार हजारांची बॅटरी घातली आणि तो सात वर्षे चालला, तर वर्षाला साडेसात हजार. सात वर्षे चालेलच अशी चिठ्ठी कोणी देत नाही. पण भाग बदलता येणारा असेल तर चालवणे आपल्या हातात राहते, नसेल तर कंपनीच्या हातात.

सरकारी लॅपटॉपबद्दलही दोन शब्द, कारण हे सदर वाचणारे बरेच जण आमच्याच पंगतीतले. २०२५ च्या मे महिन्यात कृषी सहायकांनी आंदोलन केले, त्यात पदनाम बदलाबरोबर लॅपटॉपचीही मागणी होती. पदनाम सहायक कृषी अधिकारी झाले. लॅपटॉप देताना वरिष्ठांनी एवढे बघावे की हजारोंच्या खरेदीत सगळ्यांत कमी दराची निविदा आणि सगळ्यांत कमी वर्षखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निविदेत पडद्याचे इंच लिहितात, तसेच प्रमाण, निट आणि 'रॅम व साठवण बदलता येणारी' हेही लिहावे. एक ओळ वाढेल, बाकी काही नाही.

तर त्या दिवशी ताईंनी शेवटी काय घेतले? १४ इंची, सोळा-दहा प्रमाणाचा, मंद पडद्याचा, १६ जीबी रॅमचा. दिवेवाल्या सतरा इंचीपेक्षा बराच स्वस्त पडला. उरलेल्या पैशात तीन वर्षांची हमी, एचडीएमआयची वायर आणि दोन पेन ड्राइव्ह आले. एक पेन ड्राइव्ह ताईंकडे, दुसरा अध्यक्षबाईंकडे. दर महिन्याच्या सभेत दोन्हींवर हिशेब उतरवायचा आणि कोणी उतरवला त्याची सही वहीत घ्यायची, असा ठराव झाला आहे. पहिल्या सभेला टीव्हीवर जमाखर्च लावला तेव्हा शेवटच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, "माझ्या दोन पाट्या वांग्यांचे पैसे यात कुठं दिसत नाहीत?" शोधल्यावर निघाले, ती पट्टी खरोखरच नोंदवायची राहिली होती.